हौसाबाईचा अर्धा धवला

समजा, वैशाखातली दुपार आहे. मांडव भरलाय, पाटावर नवरी बसलीय आणि हळदीची वाटी तुमच्या हातात आहे. डाव्या हाताने तिची हनुवटी वर करायची, उजव्या हाताने गालाला हळद लावायची आणि लावता लावता गाऊन विचारायचं, "हलद कोनाच्या शेतान पिकली गो, कोनाच्या शेतान?" विचारून झालं की गप्प. उत्तर तुम्ही द्यायचं नाही, ते समोर बसलेली तुमची जोडीण देणार. ती गात असेल तोवर नवरीचं कपाळ, कान, मनगटं उरकून घ्यायची आणि कान ठेवायचा फक्त तिच्या शेवटच्या शब्दावर. तो पडला की पुढचा प्रश्न. हळदीपासून वरात निघेपर्यंत असंच. जमेल?

हौसाबाईला चाळीस वर्षं जमत होतं.

पेण तालुक्यात, डोलवीच्या अलीकडे, खाडीच्या बांधाला लागून तिचं गाव. तिथे लग्नाला भटजी उशिरा आला तरी चालायचं, धवलारीण वेळेवर लागायची. धवले म्हणणारी ती धवलारीण, आणि ती नेहमी जोडीने असायची. एक विचारणारी, एक सांगणारी. हौसा विचारायची, बायजा सांगायची. दोघी एकाच साली लग्न होऊन या गावात आलेल्या, घराला घर लागून, मध्ये एक कुडाची भिंत.

दोघींना धवले दिले धोंडुबाईने. मिठागरात मीठ ओढता ओढता म्हातारीने एकीला नुसते प्रश्न शिकवले आणि दुसरीला नुसती उत्तरं. वर दम दिला, "जोडनीचा शबूद आपल्या तोंडान घ्यायचा नाय. घेतला तं नवरीच्या हलदीला कीड लागंल." खरी गोष्ट म्हातारीने नंतर एकदा पान खाता खाता सांगितली होती. "पुरा धवला एकीला दिला तं ती दुसरीला इचारंल व्हय?"

पण या वाटणीत एक कुसळ होतं. प्रश्न सगळ्या घरी तेच. उत्तरात मात्र त्या त्या घरातली माणसं गुंफायची असत. हळद कुणाच्या शेतात पिकली, तर नवरीच्या आज्याच्या. पाणी कुणाच्या विहिरीचं, तर थोरल्या आत्याच्या. त्यामुळे लग्न उरकल्यावर लोक बायजाला गाठायचे. "बायजे, माझ्या बापाचं नाव घेतलंस गो, डोल्यान पानी आलं." हौसा बाजूला उभी राहून हाताची हळद धूत असायची. चाळीस वर्षांत तिच्या प्रश्नाने कुणाच्या डोळ्यात पाणी आलं नाही.

दोन हजार चार साली पेणमध्ये लोकगीतांचा महोत्सव भरवायचं ठरलं. पुढाकार रोह्याच्या पुंडलिक सरांचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला होता, गावोगावच्या गाणाऱ्यांचा इतिहास गोळा करायचा. सात कलावंतांची माहिती फोटोसकट स्मरणिकेत छापायची, सातांना शाल द्यायची. एका कलेचा एकच माणूस, असा समितीचा नियम.

हौसाने सरांना मुद्दाम पेणच्या बाजाराच्या दिवशी बोलावलं. बायजा त्या दिवशी सुकट घेऊन पहिल्याच एसटीने जायची.

सरांनी टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवला. "तुम्ही दोघी गाता ना?"

"गाते मी. ती झेलते."

"झेलते म्हणजे?"

"मी टाकते, ती झेलते. नुसती."

"मग मुख्य धवलारीण तुम्ही?"

हौसाने एकदा भिंतीकडे पाहिलं. "इचारलंच नाय तं सांगनार काय? मीच मुख्य."

सरांनी लिहून घेतलं. मग टेप चालू केला. हौसाने एकेक करून एकतीस प्रश्न म्हटले. उत्तरांचं विचारलं तेव्हा म्हणाली, "ती समद्यांसमोर म्हनीन. पाठ हायत मला. चालीस वर्सं आयकतंय."

तिला खरंच तसं वाटत होतं.

स्मरणिका आठवडाभर आधी गावात आली. बायजाच्या सुनेने, विमलने, ओट्यावर बसून मोठ्याने वाचली. भिंतीअलीकडे हौसा सूप घेऊन बसली होती, हात थांबलेले.

"'हौसाबाई धवला गातात. त्यांच्या साथीला बायजाबाई असून त्या नुसत्या झेलतात.'" विमलचा आवाज चढला. "आत्या, आयकलंव? नुसत्या झेलतात!"

बायजा बोंबील वाळत घालत होती. "बरं लिवलंय."

"बरं काय बरं? जा ना, इचारा तिला."

"इचारायचं काम तिचं हाय," बायजा म्हणाली आणि पुढचा बोंबील दोरीवर टाकला.

चैत्रातला रविवार. पेणच्या शाळेचं मैदान, संध्याकाळची वेळ, खुर्च्या भरलेल्या. स्टेजवर कॉलेजातल्या दोन पोरांना नवरा-नवरी करून पाटावर बसवलं होतं. नवरी पदराआड च्युइंगम चघळत होती. हौसा हळदीची वाटी घेऊन उभी राहिली आणि तिला पहिल्या रांगेत बायजा दिसली. लग्नात नेसायचं तेच हिरवं लुगडं, केसात अबोली. महोत्सवाने तिला बोलावलं नव्हतं. आपल्या तिकिटाने आली होती.

"हलद कोनाच्या शेतान पिकली गो, कोनाच्या शेतान?" आवाज मैदानाच्या कडेपर्यंत गेला. चार टाळ्याही पडल्या. आणि हौसा थांबली. सवयीने. समोरून कुणी उचलेल म्हणून.

मग तिच्या लक्षात आलं की उचलायचं आपणच आहे. तिने तोंड उघडलं आणि तिथे काही नव्हतं. शेवटचा शब्द तेवढा होता, "आजोबाच्या." त्याच्या आधी काय, ते तिने कधी ऐकलंच नव्हतं. तेव्हा ती नवरीच्या कानामागे हळद लावत असायची.

तिने दुसरा प्रश्न घेतला. "पानी कोनाच्या इहिरीचं गो?" पुन्हा थांबली. "आत्याच्या," एवढंच म्हणाली. मग तिसरा. "मामाच्या." पोरं हसायला लागली. नवरीने पदर तोंडात कोंबला. निवेदकाने माईक ओढून घेतला. "आजी प्रश्नपत्रिका घेऊन आल्या, उत्तरपत्रिका घरी राहिली!"

मैदान खदखदलं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "एक मार्क तरी द्या!"

पुंडलिक सर दुसरा माईक घेऊन धावत खाली आले आणि बायजासमोर वाकले. "बायजाबाई, एक ओळ. एकच."

बायजाने माईककडे पाहिलं, मग स्टेजकडे. हौसाने तिथूनच हात पुढे केला. हळदीने पिवळा झालेला, बोटं पसरलेली.

"मला काय इचारता, मास्तर?" बायजा माईकमधून स्वच्छ म्हणाली. "मी नुसती झेलते. छापलंय ना तुमी."

टाळ्या सगळ्यात मोठ्या त्या वाक्याला पडल्या.

फोटोग्राफर ठरलेला होता म्हणून समितीने हौसाला शाल घातलीच. वर पेणच्याच कारखान्यातली वीतभर गणपतीची मूर्ती. फोटोत तिचं तोंड अर्धवट उघडं आहे. परतीच्या एसटीत बायजा पुढच्या सीटवर होती. गाव येईपर्यंत हौसाला तिची मान आणि अबोलीचा गजरा एवढंच दिसत राहिलं.

पुढल्या महिन्यांत सर तीनदा बायजाकडे आले. तिने तिन्ही वेळा कोरा चहा दिला आणि एकदाही तोंड उघडलं नाही. त्यांनी हौसाकडे येणं मात्र बंद केलं. गावातल्या लग्नांत आता डीजे लागत होता. धवलारणींचं विचारायला कुणी आलं नाही, आणि आलं असतं तरी कुणाला बोलावणार? पोरं रस्त्यात हौसाला पाहून एकमेकांना विचारायची, "हलद कोनाच्या शेतान?" आणि दुसरा गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "आजोबाच्या."

गणपती उठल्यावर एका सकाळी विमल भिंतीपलीकडून बोलली. बरेच महिने बोलत नव्हती. "म्हातारीचं काय खरं नाय गो काकी. कालवनान मीठ तीनदा टाकते. मला मेलेल्या ननंदेच्या नावान हाक मारते."

"कवापासून?"

"शिमग्यापासून चाललंय. आमी लपवून ठेवलं व्हतं."

हौसाने मनात मोजलं. शिमगा महोत्सवाच्या आधी येतो.

तिने पेटीतून शाल काढली आणि भिंतीच्या पलीकडे गेली. साठ पावलांचा वळसा, पण चैत्रानंतर पहिल्यांदा. बायजा खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. हौसाने शाल तिच्या मांडीवर ठेवली. "तुजी हाय. घे."

बायजाने शालीचे गोंडे बोटांनी चाचपले.

हौसा खाली जमिनीवर बसली. तिने बायजाची हनुवटी धरून वर केली, नवरीची करतात तशी, आणि हळू आवाजात विचारलं, "हलद कोनाच्या शेतान पिकली गो, कोनाच्या शेतान?"

बायजाचे ओठ हलले. विमल दारात येऊन उभी राहिली. ओठ पुन्हा हलले. बायजाने हौसाच्या डोळ्यांत रोखून पाहिलं आणि विचारलं,

"तू कोन गो?"

शाल तिने बाजूला सरकवली. पुन्हा बोलली नाही. पितृपक्षात गेली.

टेप पुंडलिक सरांकडे रोह्याला आहे. त्यांच्याकडे गेलात तर ते ऐकवतात. एकतीस प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नानंतर नुसती खरखर, एक माणूस उत्तर देऊन संपवेल एवढी लांब. एकटी म्हणत असतानाही हौसा सवयीने तेवढं थांबली होती.

हौसाबाई आता सत्तरीला आली आहे. धवल्याचे प्रश्न विचारणं तिने सोडून दिलंय. ओट्यावर कुणी टेकलं तर ती एकच विचारते, आणि समोरचा तोंड उघडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहते:

"तू कोन, म्हनाली ती. ते मला वलखलं नाय म्हनून, का वलखलं म्हनून?"