झेरॉक्सवाल्याची वही

माझं चष्म्याचं दुकान आणि त्याचं झेरॉक्सचं, मध्ये एक पातळ भिंत. त्याचं मशीन चाललं की प्रत्येक प्रतीला माझ्या फळीवरच्या फ्रेमा थरथरतात. सव्वीस वर्षं मी हे सोसतोय, तेव्हा त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मी कमावलाय. सगळा रस्ता त्याला 'एकजास्त' म्हणतो. कुणी पाच प्रती मागितल्या की हा सहा काढतो, पैसे पाचाचेच घेतो आणि म्हणतो, "एक जास्त असू दे." असल्या धंद्यात नुकसान किती होतं हे मी एकदा कागदावर मांडून दाखवलं, तर त्याने त्या कागदाच्याच दोन प्रती काढून मला दिल्या.

त्याची धाकटी मुलगी शाळेत असताना वर्गप्रमुखाच्या निवडणुकीत हरली होती. दुसरं पोर रडलं असतं. हिने कुठल्या बाकावरची मतं कुणाला गेली याचा तक्ता केला आणि बापाकडून त्याच्या वीस प्रती काढून वर्गात वाटल्या. अशा मुलीने पुढे राज्यशास्त्र शिकायचं म्हटलं, यात नवल काही नव्हतं. घोडं अडलं ते पैशांवर. कॉलेज परगावचं, राहणं-खाणं वेगळं, म्हणजे कर्ज काढावं लागणार. बँकेतला माणूस म्हणाला, शिक्षण संपलं की महिन्याचा हप्ता साधारण तुमच्या दुकानाच्या भाड्याएवढा येईल. सहकर्जदार म्हणून बापाची सही हवी, महिनाअखेरपर्यंत.

कॉलेजच्या माहितीपत्रकात पदवीधरांच्या सरासरी पगाराचा तक्ता होता. त्यातला राज्यशास्त्राचा आकडा पाहून एकजास्त दिवसभर शीळ घालत होता. संध्याकाळी शीळ थांबली.

"एवढा पगार असतो, तर मग ती मुलं माझ्याकडे अशी तोंडं पाडून का येतात रे?" त्याने मला विचारलं.

समोरच विद्यापीठाचं कार्यालय असल्याने पदवीची प्रमाणपत्रं त्याच्या काचेवर रोज पडतात. त्याने एक वही सुरू केली. दोन रकाने: 'नोकरी आहे', 'नोकरी नाही'. प्रमाणपत्रावरचा विषय बघायचा, गोड बोलून विचारायचं आणि लिहायचं. लोक सांगायचेही. जास्तीची प्रत फुकट मिळाल्यावर माणूस जरा मोकळा होतोच.

तीन आठवड्यांनी तो वही घेऊन माझ्याकडे आला. राज्यशास्त्राचे सतरा जण, त्यातल्या चौदा जणांना नोकरी नाही. "झालं, मी सही करत नाही," म्हणाला आणि माझ्या स्टुलावर मटकन बसला. आनंद झालाय की दुःख, हे त्यालाच कळत नव्हतं. मीही हुशारी करत म्हणालो, बरं झालं, वेळेवर कळलं.

तेवढ्यात मुलगी डबा घेऊन आली. तिने वही उचलली आणि राज्यशास्त्र सोडून बाकीची पानं चाळली.

"बाबा, इंजिनिअर बावीस, त्यातले एकोणीस बेकार?"

"हो ना! काय दिवस आलेत."

"आणि डॉक्टर तीन. तिघंही बेकार?"

"तिघंही."

"अरे बाबा, ज्याला नोकरी लागलीये तो तुझ्याकडे प्रमाणपत्राच्या प्रती काढायला येईलच कशाला?"

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं त्या भिंतीला टेकून बसलेल्या माझ्याही डोक्यात हे आलं नव्हतं. एकजास्त वहीकडे बघत राहिला. मग एकदम उजळून म्हणाला, "म्हणजे कॉलेजचा तो तक्ता खरा!"

मुलीने वहीत खोचलेलं माहितीपत्रक काढून त्याच्यापुढे धरलं. म्हणाली, "काका, एक चष्मा द्या याला. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचू दे."

मी दोन नंबरचा दिला. एकजास्तने अडखळत वाचलं: एकशे चाळीस पदवीधरांना पत्रं पाठवली, अडतीस जणांनी पगार कळवला.

"ज्यांचं बरं चाललंय त्यांनीच कळवला असेल," ती म्हणाली. आवाज बराच खाली आला होता. बिचारी स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायाखालची फळी काढत होती, आणि मला तिचा फार अभिमान वाटला.

त्यानंतरचा आठवडा एकजास्तने माझ्या डोक्याचा भुगा केला. सही करू की नको? हसणाऱ्यांनी कॉलेजला सांगितलं, रडणाऱ्यांनी मला सांगितलं, मधल्यांना कोण विचारणार? शेवटी मी भडकलो. "मी लोकांना नंबर काढून देतो, भविष्य नाही!"

मुलीने तोवर एक हिशेब केला होता. परगावचं कॉलेज सोडायचं, इथल्याच कॉलेजात घरून जायचं. कर्ज निम्मं, हप्ता निम्मा. त्या अडतीस जणांच्या सरासरीच्या अर्धा पगार मिळाला तरी हप्ता जाईल.

"आणि नोकरीच नाही लागली तर?" बापाने विचारलं.

"तर काय ते मला माहीत नाही, बाबा."

त्याने सही केली. नंतर मला म्हणाला, "छातीठोकपणे काही बोलली असती ना, तर केली नसती."

या गोष्टीला साडेचार वर्षं झाली. मुलगी शिकली, दुसऱ्या गावी कामाला लागली. प्रती काढायला कधी आली नाही, आणि न येण्याचा अर्थ आता बापाला ठाऊक होता. महिनोन्महिने तो त्यावर समाधानी होता.

परवा ती आली आणि पदवीचं प्रमाणपत्र त्याच्या काचेवर ठेवून म्हणाली, "दहा काढ."

माझ्या हातातली काच तशीच राहिली. पलीकडे एकजास्तने खणातून ती जुनी वही काढल्याचं ऐकू आलं.

"नोकरी आहे ना गं?"

"आहे. पण करार वर्षाचाच होता, तो संपतोय. हप्ता एकही चुकला नाही. हप्ता गेल्यावर हातात फारसं उरत नाही, एवढंच."

"मग मी 'आहे'त लिहू की 'नाही'त?"

"मलाही कळत नाही."

"पस्तावतेस का?"

"सोमवारी सकाळी. मंगळवारपर्यंत विसरते."

मशीन सुरू झालं. माझ्या फ्रेमा अकरा वेळा थरथरल्या. जन्मभराची सवय, मी मोजतोच. मुलीने प्रती घेतल्या, मला "येते हं काका" म्हणून ती निघाली, तेव्हा तिच्या हातात दहाच होत्या.

"काय रे, आज एक जास्त नाही दिलीस?" मी दारात जाऊन विचारलं.

त्याने वही उघडली, अकरावी प्रत दोन्ही रकान्यांवर आडवी ठेवली आणि वही मिटून खणात टाकली.