बनुबाईंची उताणी सायकल

उंब्रजच्या बनुबाई मोहिते अठ्ठावन्नाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा सायकलवर बसल्या. बसल्या म्हणजे निजल्याच, कारण ती सायकल उताणं निजून चालवायची होती.

त्याचं असं झालं. मळ्याच्या वाटेवर एक चढ आहे. गवताचा भारा डोक्यावर घेऊन बनुबाई तो एका दमात चढायच्या. गेल्या दिवाळीपासून मात्र निम्म्यातच दम लागून छाती भरून यायला लागली. कराडला ईसीजी झाला, इको झाला, रक्त तपासलं. सगळं चांगलं निघालं.

फौजेतनं सुभेदार होऊन आलेले त्यांचे यजमान नाथाजी म्हणाले, "मनाचं हाय गं. विचार कमी कर जरा."

"विचार करायला सवड कवा दिली तुमी?" बनुबाई म्हणाल्या आणि धार काढायला गेल्या.

सून पल्लवीनं त्यांना चढावर बांधाला टेकून उभं राहिलेलं पाहिलं होतं. तिनं सासऱ्यांनाही सोबत घेतलं आणि सासूबाईंना सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर ऋचा यांनी कागद चाळले आणि विचारलं, "दम कधी लागतो?"

"चढावर."

"आणि तपासलं कसं?"

"खाटंवर निजवून."

"म्हणजे हृदय आराम करत होतं. आपण ते कामाला लावून बघू. एमआरआयच्या मशीनमध्ये निजायचं, पायाशी पॅडल असतील ती मारायची. तेवढ्यात आम्ही हृदयाची चित्रं घेणार."

"पर मला सायकल येत न्हाई."

"पडायची सोय नाही तिथं," डॉक्टर हसून म्हणाल्या.

मशीनचं चुंबक जबर, अंगावर धातू चालत नाही. बांगड्या निघाल्या, मंगळसूत्र निघालं. जोडवी मात्र चाळीस वर्षांत हलली नव्हती. पल्लवीनं फरशीवर बसून साबणाच्या फेसानं ती कशीबशी सोडवली. सगळे दागिने रुमालात बांधून नाथाजींकडे दिले. ते मूठ छातीशी धरून पहाऱ्यावर असल्यासारखे दाराबाहेर ताठ उभे राहिले.

दवाखान्याचा पायजमा घालून बनुबाई आत निजल्या. सुमंत नावाच्या तंत्रज्ञानं त्यांचे पाय पॅडलला बांधले, कानांवर हेडफोन चढवले. मशीन मळणीयंत्रासारखं धडधडायला लागलं.

"मावशी, मारा आता पॅडल," कानात सुमंतचा आवाज आला.

पहिल्यांदा सोपं गेलं. मग त्यानं पॅडल जड केलं, आणखी जड केलं. मांड्या भरून आल्या. आणि तोच तो चढावरचा दम छातीत येऊन बसला. इतके महिने कुणाला दाखवता आला नव्हता तो.

"आला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आला बघ, बाबा."

"दिसतोय, मावशी. अजून एकच मिनिट."

दिसतोय म्हटल्यावर बनुबाईंनी ते मिनिट रेटून काढलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. निवांत असताना हृदय ठीक चालत होतं, पण कष्ट पडले की ताठर राहायचं, पुरतं सैल पडायचं नाही. मग रक्त भरायला जागा अपुरी पडायची आणि दाब मागं फुफ्फुसांवर यायचा. गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, रोज ठरावीक चालणं नेमून दिलं.

परतीच्या एसटीत नाथाजी बनुबाईंच्या शेजारी बसले. पेठनाका मागं पडल्यावर म्हणाले, "मी मनाचं म्हणत हुतो. चुकलं माझं."

"आवं, ती खिडकी लावा. वारं लागतंय," बनुबाई म्हणाल्या. पण त्यांनी मान त्यांच्या खांद्यावर टेकली.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्यांनी पहिल्यापेक्षा चार मिनिटं जास्त पॅडल मारलं. गावात ही गोष्ट पसरली. शेजारच्या धोंडुबाई एका दुपारी येऊन हळूच म्हणाल्या, "मलाबी दम लागतोय गं. पर घरात सांगायची लाज वाटती."

बनुबाईंनी धोंडुबाईंचं सगळं ऐकून घेतलं. सोमवारी सकाळी दोघी सांगलीच्या गाडीत बसल्या.