चौकीदाराने निवडलेलं हॉटेल

माझ्या बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाद्या घातल्या. धानोऱ्याकडच्या जंगलात इंग्रजांच्या काळातलं एक विश्रामगृह होतं, त्याचे ते चौकीदार. नावाला चौकीदार, बाकी सगळंच त्यांच्याकडे: पाणी तापवणं, कोंबडी शिजवणं, कंदिलाच्या काचा पुसणं, मच्छरदाण्या खोचणं. आम्ही मागच्या खोलीत वाढलो. बंगला महिना-महिना रिकामा असायचा, तरी बाबा व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत टेकलेले मी कधी पाहिले नाहीत. टेकावंसं वाटलं तर पायरीवर टेकायचे. मला त्याचा फार राग यायचा, आणि तो खुर्चीवर काढता येत नाही म्हणून मी बाबांवर काढायचो.

पुढे मी मूल गावच्या शाळेत मास्तर झालो. बाबा निवृत्त झाले आणि आई गेली, त्यानंतरच्या दिवाळीत मी त्यांना बुद्धगयेला नेलं. बोधिवृक्षाखाली ते तासभर डोळे मिटून बसले. परतीला मी मुद्दाम कलकत्त्याचं वळण घेतलं. माझ्या मनात एक बेत होता. साहेबलोकांच्या तोंडून बाबांनी कलकत्त्याच्या हॉटेलांची वर्णनं ऐकलेली होती. तसल्याच एखाद्या जुन्या हॉटेलात त्यांना दोन दिवस ठेवायचं, आणि तिथे त्यांनी काडी हलवायची नाही. कोणीतरी त्यांची सेवा करावी आणि त्यांनी ती बसून घ्यावी, एवढीच माझी इच्छा होती.

आमच्या शाळेत मुलचेऱ्याच्या बंगाली वस्तीतले एक मास्तर होते. त्यांनी कागदावर तीन हॉटेलांची नावं लिहून दिली होती. हावड्याला उतरल्यावर तो कागद मी बाबांच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्हीच पसंत करा. इथेच माझं चुकलं.

पहिलं हॉटेल नवं कोरं होतं, भिंतीला सनमायका वगैरे. मला लगेच आवडलं. बाबांनी मॅनेजरकडे ढुंकूनही न पाहता गादीचा कोपरा उचलला, वाकून पलंगाखाली नजर टाकली, चादर नाकाला लावली आणि बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "चादर धुतली नाई, पलटवली हाये." ही युक्ती तुम्हीही कधी केलीच असेल, असं मी गमतीत म्हटलं, तर ते मला मागे टाकून तरातरा पुढे निघाले.

दुसऱ्याला संगमरवरी जिना आणि पितळी कठडा होता. आत मात्र वरून कीर्तन, आतून तमाशा. भिंतींना ओल होती आणि मच्छरदाणीला भोकं. बाबांनी एकेक भोक मॅनेजरला दाखवलं. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, हे महापालिकेतून आलेत का. माझ्या खांद्यावर वळकटी आणि डोक्यात आग होती. माणसं हॉटेल निवडतात, हे तपासणी करत होते.

तिसरं एका गल्लीच्या तोंडाशी होतं. दुमजली, जुनं, गिलावा ठिकठिकाणी पडलेला. पण खिडक्या उंच, हिरव्या झडपांच्या, वर लांबलचक व्हरांडा आणि छताला अजून ओढपंख्याची कडी. बाबांनी न्हाणीघराचं मागचं दार उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. आमच्या बंगल्यालाही असंच दार होतं. साहेबाच्या नजरेस न पडता नोकरांनी आत यायचं ते दार. सुरुवातीची काही वर्षं बाबा त्याच दाराने ये-जा करत. मला ते पाहून कसंसंच झालं. बाबा मात्र बिजागऱ्यांना तेल दिलंय म्हणून खूश होते. "इथीच राहू," ते म्हणाले.

वरच्या मजल्याचं सगळं बघायला एक वयस्कर बेअरा होता. ओडिशाकडचा, पांढऱ्या मिशांचा, बाबांच्याच वयाचा.

सकाळी मी उठलो तर बाबा खाली सतरंजीवर होते आणि त्यांच्या पलंगावर एकही सुरकुती नव्हती. तेवढ्यात बेअरा चहाचा ट्रे घेऊन आला. बाबा ताडकन उठले, त्याच्या हातातून ट्रे घेतला, आधी माझा कप भरला आणि भिंतीला लागून उभे राहिले. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, आता तुमीच साहेब. बसा ना जी."

ते ओशाळले. हळूच म्हणाले, "मले खाटेवर झोप नाई येत रे. डोया लागला का वाटते, साहेबाची जीप आली."

जित्याची खोड म्हणून मी विषय सोडला, पण मनातून फार वाईट वाटलं. मग परतीच्या आरक्षणासाठी निघालो आणि रांगेत माझा अर्धा दिवस गेला.

परत आलो तर खोली रिकामी, व्हरांडाही रिकामा. टोकाच्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. पाहतो तर पलंगाच्या एका बाजूला बेअरा, दुसऱ्या बाजूला बाबा. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, म्हणजे झोपणारा कितीही तळमळला तरी तो सुटत नाही, हे बाबा आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत शिकवत होते. बेअऱ्याने त्यांना मच्छरदाणीची स्वतःची गाठ दाखवली. बाबांनी ती दोनदा सोडली, दोनदा बांधली आणि मान डोलावली. यासाठी आणलं का तुम्हाला, असं ओरडायला माझं तोंड उघडलं होतं. पण आई गेल्यापासून बाबांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मी ज्याला चाकरी म्हणून हिणवत आलो, तो त्यांचा हुन्नर होता, आणि त्यात ते उस्ताद होते. हे कळायला मला कलकत्ता गाठावं लागलं.

मला पाहताच बेअऱ्याने चादर सोडली आणि माफी मागायला लागला. मी दोघांनाही सांगितलं, काम झालं असेल तर व्हरांड्यात बसा, चहा मी आणतो. बेअरा तयार होईना. इतक्या वर्षांत तो तिथे कधी बसला नव्हता. बाबा म्हणाले, हा बसला तर मी बसतो. मॅनेजर जेवायला गेलाय याची खात्री करून घेऊन अखेर बेअरा वेताच्या खुर्चीच्या कडेवर टेकला. शेजारच्या खुर्चीत बाबा टेकले. मग हळूहळू दोघांच्या पाठी मागे गेल्या.

मी खालच्या स्वयंपाकघरातून चहा करून घेतला. ट्रे धरायची सवय नसल्याने जिना जपून चढलो, त्यात वेळ गेला, शिवाय ओतताना बशीत सांडला. बेअरा मुकाट्याने प्यायला लागला. बाबांनी एक घोट घेतला, कपाकडे पाहिलं आणि खुर्चीतून न उठता तो माझ्यापुढे धरला.

"गार हाये. दुसरा आन."

असे कप परत पाठवणारे साहेब मी लहानपणी खूप पाहिले होते, आणि ते कप घेऊन चुलीकडे धावणारे बाबाही. त्यांनी स्वतः मात्र जन्मात कोणाचा चहा परत पाठवला नव्हता. जे पुढ्यात आलं ते ते निमूट पीत आले. "आनतो जी," मी म्हटलं आणि कप घेतला. जिना उतरताना मला रडू फुटलं, इतका आनंद झाला होता.