सोळा गडी, एक गळा

दिनूसर मोजून रडायचे. म्हणजे कॅमेऱ्यासमोर. "रडायला किती सेकंद?" असं ते आधी मला विचारत. मी दहा बोटं दाखवली की दोन्ही हातांनी तोंड झाकत, मनात दहा मोजत आणि हात काढून चालू लागत. प्रसंग भावाच्या मरणाचा असे आणि सरांचा चेहरा रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा.

सर बोईसरच्या एका कारखान्यात शिफ्टला होते आणि उरलेल्या वेळात कराटे शिकवत. शाळेत असताना मी त्यांच्या क्लासला जायचे. इंग्रजी शाळेतली, कोणाशी न बोलणारी. प्रत्येक ठोशाबरोबर ओरडायचं असतं, मी नुसते ओठ हलवून वेळ मारून न्यायचे. सरांनी ते पहिल्याच आठवड्यात पकडलं. "आवाज पोटात ठेवून काय करशील? लोणचं घालशील?" एवढंच म्हणाले आणि पुढच्या मुलीकडे वळले.

पुढे मी कॉलेजात व्हिडिओ जोडायला शिकले आणि सरांनी 'सोळा गडी' हा चित्रपट काढायला घेतला, तेव्हा त्यांनी मलाच बोलावलं. "तू बोलत नाय, म्हंजे बघत असशील."

बघण्यासारखं बरंच होतं. एका बेटावर एक श्रीमंत माणूस लढतींची स्पर्धा भरवतो, हरेल तो मरतो. सोळा लढवय्ये होते आणि माणसं मिळाली अकरा, क्लासची मुलं आणि सरांच्या कारखान्यातले कामगार. त्यामुळे पाच जण मेल्यावर दाढी लावून परत येत. एक तर मेल्यानंतर दाढीशिवायच प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवताना दिसतो. बेट म्हणजे एडवणचा किनारा आणि महाल म्हणजे बेटेगावजवळचं एक बंद गोडाऊन. तो श्रीमंत माणूस ही स्पर्धा का भरवतो, हे कथेत कुठेच नव्हतं. मी हिय्या करून विचारलं. सर म्हणाले, "आपण लढतो तेवा कोण विचारतं काय, का लढतो? मारामारी बरी झाली पायजे."

शूटिंग संपत आलं तेव्हा सरांचा घसा बसलेलाच असायचा. आम्हाला वाटायचं, ओरडून बसला असेल. मग तपासण्या झाल्या. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनला तेरा दिवस होते.

आणि आमच्या चित्रपटात एकही संवाद ऐकू येत नव्हता. किनाऱ्यावरच्या वाऱ्याने सगळं खाल्लं होतं. आवाज पुन्हा भरायचे, तर निम्मे लढवय्ये नोकरी सोडून आपापल्या गावी गेलेले. सरांनी एका वाक्यात निकाल लावला. "सगळ्यांचं मीच बोलतो. तेरा दिवस हाय आवाज, वापरून टाकू."

रोज दुपारी मी बेटेगावला त्यांच्या घरी जायचे. मालतीकाकी, त्यांची बायको, पंखा बंद करायची, कुकर उतरवून ठेवायची. आवाज घुमू नये म्हणून सर उघड्या कपाटात गोधड्यांमध्ये डोकं घालून बोलायचे. सोळाही जणांचे आवाज सारखेच यायचे, सपाट, धडा वाचल्यासारखे. आम्ही शेवटापासून सुरुवातीकडे येत होतो, तेही सरांनीच ठरवलेलं. शेवटची लढत आधी, पहिली नंतर. मधेच आवाज गेला तर शेवट तरी हातात राहील, असं त्यांचं म्हणणं. दिवसागणिक तो आवाज झिजत गेला.

तेराव्या दिवशी पहिला प्रसंग उरला. त्यात नायकाची आई दारातून हाक मारते, एकच वाक्य. आई झाली होती काकी, पण तिच्या तोंडून त्या दिवशी शब्द फुटेना. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी आग्रह केला नाही. "बरं, आईचं पण मीच," म्हणाले. ते वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा जवळजवळ नुसतीच हवा आली. मी पहिलं ठेवलं.

ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी क्लासच्या हॉलमध्ये चादर बांधून 'सोळा गडी' दाखवला. सर पुढच्या खुर्चीत, गळ्यावरच्या भोकावर रुमाल. काकीने पडद्यावर तोंड उघडलं आणि आतून पुरुषाचा घोगरा आवाज आला तसा हॉल हसला. पहिला लढवय्या बोलला, दुसरा बोलला, हसणं वाढत गेलं. मग कधीतरी ते थांबलं. प्रत्येक मरणाऱ्याबरोबर सरांचा आवाज सुधारत होता. आठ मेले, बारा मेले, आणि तो भरत गेला. शेवटच्या लढतीत चादरीवरून आम्हाला लहानपणी दरडावणारा तोच जुना, खणखणीत आवाज आला. खाली खुर्चीत सरांचे ओठ सोळाही जणांबरोबर हलत होते आणि गळ्यातून फक्त हवा येत होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ट्यूबलाइट लागल्यावर सरांनी पाटीवर लिहिलं, 'मारामारी बरी झाली ना?' मी मान डोलावली. त्यांनी विचारलं असतं तर आणखी कशालाही डोलावली असती.

पुढच्या वर्षी सर गेले.

आईचं ते एक वाक्य माझ्या मनातून जाईना. शेवटी मी घरी दार लावून ते स्वतःच्या आवाजात म्हटलं, काकीच्या ओठांवर नीट बसवलं आणि पेन ड्राइव्ह घेऊन बेटेगावला गेले. काकीला सांगायला सुरुवात केली, की आता तुमच्या तोंडी बाईचा आवाज येईल.

"बस आदी," ती म्हणाली आणि टीव्ही लावला.

पडद्यावरची काकी दारात आली. तिने तोंड उघडलं आणि सर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "किती वाट बघायची? ये आता."

माझ्या शेजारची काकी उठली. "आले ओ, गॅस तरी बंद करू द्या," म्हणत स्वयंपाकघरात गेली. बटण फिरवल्याचा आवाज आला. परत येऊन तिने रिमोटने सगळं सुरुवातीला नेलं.

"रोज बोलावतात," ती मला म्हणाली, शेजारणीकडे नवऱ्याची तक्रार करावी तशी. "मी म्हनते, थांबा जरा."

पेन ड्राइव्ह मी पर्समधून काढलाच नाही. घरी येऊन माझं वाक्य पुसून टाकलं. चांगलं जमलं होतं.