टायरातली काकवी

माझ्या नवऱ्याने लग्नाच्या मांडवात माझ्या वडिलांना एक शब्द दिला आणि तो पाळायची शिक्षा मला झाली.

मांडवाबाहेर त्याची जीप उभी होती. लष्कराच्या लिलावातून निघालेली, वयाने त्याच्याहून मोठी, आणि तिच्या खाली गोव्याच्या एका भंगारवाल्याकडून आणलेली चार राक्षसी टायरं. चिखलात चालणारी, हातभर रुंद, खोल नक्षीची. नवरीला आत चढवायला स्टूल आणावं लागलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी स्टूल बघितलं, मग टायरं बघितली, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "पावणं, पंचमीला पोरीला यष्टीनं आना. ह्या खटाऱ्यात तिची हाडं खिळखिळी हुतील."

नवरा म्हणाला, "मामा, ह्याच जीपनं आनीन. पोटातलं पानी हालू देनार न्हाई. न्हाईतर आनायचाच न्हाई!"

शेवटचं वाक्य त्याच्याकडे कुणी मागितलं होतं, देव जाणे. पण कोल्हापूरचा गडी एकदा चढ्या आवाजात बोलला की ते वाक्य परत घेण्यापेक्षा घरदार विकेल. आबाही तसलेच. दोघांनी एकमेकांकडे बघून मिशा सारख्या केल्या, आणि माझी लग्नानंतरची पहिली नागपंचमी त्या चार टायरांवर जाऊन बसली. मला भाऊ नाही, त्यामुळे न्यायला येणारा मुराळी नाही. माहेर चंदगडच्या डोंगरात, श्रावणात तिथे पाऊस दिवसरात्र ओततो, आणि एसटी फाट्यावर सोडून परत फिरते. तरी मी चिखल तुडवत गेले असते. पण जायचं ते जीपनेच, असं ठरलं होतं. माझ्याशिवाय सगळ्यांनी ठरवलं होतं.

आणि जीप थरथरायची. पन्नासच्या आत शहाण्यासारखी चालायची, पन्नासच्या पुढे काटा गेला की अंगात यायचं. आरशात मागचा एक ट्रक दोन दिसायचा. बांगड्या आपोआप वाजायच्या. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, एकदा बिद्रीला एका बारशाला जाताना तिच्यात बसल्या आणि वाटेत त्यांची कवळी तोंडातून निघून ओटीत पडली. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "मेल्यावरबी मला ह्या गाडीत घालू नगा. तिरडीवरनं उठून बसीन."

चाकं बॅलन्स नाहीत, एवढं नवऱ्याला कळत होतं. तो शहरातल्या दुकानात गेला. तिथलं मशीन मोटारींच्या चाकांचं. दुकानदाराने ते टायर दोन्ही हातांनी कवटाळून बघितलं आणि विचारलं, "पावणं, ह्यो टायर हाय का हिरीचा कठडा?" नवरा रागाने टायर उचलायला गेला, ते उचलेना, मग त्याच दुकानदाराने हात लावला. अपमानाच्या वेळी माणसाने उचलता येईल तेवढंच ओझं जवळ ठेवावं.

नवरा उद्यमनगरात एका फाउंड्रीत सुपरवायझर होता. तिथे कुणाकडे तरी परदेशी गाड्यांचं मासिक यायचं. त्यात त्याने वाचलं की, परदेशातले लोक असल्या मोठ्या टायरांना बाहेरून वजनं लावत बसत नाहीत. ते टायरच्या आत काहीतरी घालतात. कुणी बारीक गोळ्या, कुणी वाळू, कुणी घट्टसर द्रव. चाक फिरायला लागलं की ते आतल्या आत पळतं आणि जिथे पाहिजे तिथे जाऊन बसतं. हे त्याने मला जेवताना समजावलं. ताटात उसळीतले वाटाणे घेऊन ताट गरगर फिरवलं. वाटाणे जिथे पाहिजे तिथे, म्हणजे माझ्या मांडीवर, येऊन बसले.

फाउंड्रीत ओतीव भाग घासून साफ करायला त्यांच्यावर बारीक लोखंडी छर्रे मारतात. त्यातले पिशवीभर छर्रे त्याने घरी आणले आणि पुढच्या दोन टायरांच्या आत सोडले. टायरं बिनट्यूबची, त्यामुळे सोय होती. पहिल्या दिवशी जीप हळू चालताना पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज आला, वेग घेतल्यावर तो थांबला आणि थरथरही जरा कमी झाली. नवरा हवेत. पण टायर बसवताना कडेला साबणाचं पाणी लावलेलं होतं, त्यातलं बरंचसं आतच राहिलं होतं. आठवड्याभरात छर्रे गंजले, एकमेकांना चिकटले आणि एका अंगाला बसले. जीप आता चाळीसलाच थरथरायला लागली.

पंचमी तोंडावर आली. मी आत्यांना म्हटलं, "एसटीने जाऊ दे का मला?" आत्या म्हणाल्या, "मी कधीची म्हंतीय, जा. पन त्येला कोन सांगनार?" मी सांगितलं. नवरा म्हणाला, "मामाला त्वांड कसं दावू?" मी म्हटलं, "तोंड मला दाखवायचंय, माझ्या आईला. तुमचं कोण बघायला बसलंय तिथे?" दोन दिवस आम्ही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात आला आणि त्याची नजर फडताळातल्या डब्यावर खिळली. काकवीचा डबा. गूळ व्हायच्या जरा आधी काढलेला उसाचा पाक, आत्यांच्या भावाच्या गुऱ्हाळातला, वर्षभर भाकरीशी खायला जपून ठेवलेला.

"घट्ट, पन वाहनारं," नवरा पुटपुटला. "छर्रे सुटं हुतील. आन ही सोताबी फिरंल."

मी विचारलं, "अवो, तुमच्या फाउंड्रीत साच्याच्या मातीत उसाची मळी कशाला घालतात?"

"माती घट्ट धरून ऱ्हावी म्हनून."

"मग?"

"मग काय? ती मळी. ही काकवी."

ह्याच्यापुढे बोलायला शिक्षण कमी पडतं. उसाच्या गावात वाढलेल्या माणसाचा गोडावर आंधळा विश्वास असतो. पोटात दुखलं गूळ, पाहुणा आला गूळ, बैल थकला गूळ. टायर बिघडलं तर त्यालाही तोच दिला. डबा न्हाणीतल्या बंबावर तापवला, काकवी पाण्यासारखी पातळ केली आणि दोन्ही टायरांत निम्मी निम्मी ओतली. आत्या तेव्हा शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या म्हणून तो वाचला.

आणि खरं सांगते, जीप थरथरली नाही. लगेच बिद्रीच्या रस्त्याला लागलो. साठ. सत्तर. मी मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या धरला होता, त्याची परीक्षा म्हणून. थेंब सांडला नाही. नवऱ्याने स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर केले आणि मी एवढी ओरडले की तांब्या तिथेच सांडला. त्या क्षणी मला तो फार आवडला. घरी येऊन मी बॅग भरली.

दोन दिवसांनी सकाळी निघालो, तर फाटकातून बाहेर पडतानाच जीपने धपकन आवाज केला. मग पुन्हा धप्प. रंकाळ्यापर्यंत धप्प धप्प.

"गार पडलीया," नवरा म्हणाला. "गरम झाली की सुटंल."

ती गडहिंग्लजपर्यंत सुटली नाही. पावसाच्या गारव्यात काकवी घट्ट झाली होती, छर्रे तिच्यात रुतले होते, आणि दोन्ही टायरांत लोखंडाची अस्सल चिक्की तयार झाली होती. पूर्वी जीप थरथरायची, आता उड्या मारायला लागली. माझं डोकं वरच्या ताडपत्रीला लागत होतं. त्या प्रवासात मी नवऱ्याला जे काही बोलले ते आत्यांना आजही माहीत नाही, आणि त्याने आत्यांबद्दल जे कबूल केलं तेही नाही.

फाट्यापासून पुढच्या दगडी वाटेवर डावीकडचं टायर फुस्स झालं. आम्ही खाली उतरलो. तापलेल्या टायराच्या फटीतून काळी काकवी ठिबकत होती, आणि एवढ्या पावसातसुद्धा मुंगळ्यांना कुठून तरी सांगावा गेला होता. नवरा चिखलात गुडघ्यांवर बसून त्यांना हाकलत होता. तेवढ्यात वळणावरून, डोक्यावर इरलं घेतलेले आबा आले. सकाळपासून ते वाटेवर फेऱ्या मारत होते, हे आईने नंतर सांगितलं.

मला रडू आलं. मी "आबा" म्हणून पुढे झाले. पण आबा टायराकडे बघत होते. वाकून त्यांनी ठिबकणाऱ्या धारेखाली बोट धरलं आणि चाटलं.

"काकवी चांगली हाय," ते म्हणाले. "पन टायरात?"

नवऱ्याने सगळं सांगितलं. मासिक, छर्रे, बंब. आबांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "पोटातलं पानी हाललं का गं?"

माझं कुंकू भुवईपर्यंत सरकलेलं, अंबाडा सुटून कानावर आलेला, कंबर बधिर. नवरा चिखलात तसाच बसलेला, माझ्याकडे न बघता.

"न्हाई आबा," मी म्हटलं.

आबांनी माझ्या कुंकवाकडे बघितलं आणि नवऱ्याला हात देऊन उठवलं. दोघांनी मिळून स्टेपनी चढवली. आम्ही दारापर्यंत जीपनेच गेलो.

आता मला वाटलं, आबा माझे. कुठले! दुसऱ्या दिवशी पंचमी. दरवर्षी आबा आंब्याला झोका बांधायचे आणि पहिला हेलकावा मला द्यायचे. ह्या वर्षी त्यांनी झोका बांधला आणि सरळ जावयाकडे गेले. दोघांनी पुढची दोन्ही टायरं उघडली. चिक्की काढायला नवऱ्याने छिन्नी उचलली तशी आई धावत आली. "पंचमीला चिरत न्हाईत, तळत न्हाईत, आन तुमी छिन्नी चालवताय? नागोबाच्या दिवशी?" मग चिक्की विरघळवायची ठरली. माझ्या न्हाण्यासाठी तापवलेलं पाणी हंडेच्या हंडे टायरात गेलं. लेक पहिल्यांदा माहेरी आली आणि तेल लावून न्हाणं झालं टायराचं.

पुढचा शोध दोघांनी भांडत भांडत लावला. फुटलेल्याला ठिगळ मारलं, मग एकेक टायर रिंगवर चढवून जीपलाच लावलं, जॅकवर उचललं आणि हाताने हलकेच फिरवून सोडलं. जी बाजू जड, ती डुलत डुलत खाली येऊन थांबे. मग तिच्या बरोबर समोर, वरच्या अंगाला तारेने वजन बांधायचं आणि पुन्हा फिरवायचं. चाक कुठेही थांबायला लागलं की झालं. वजन म्हणून आबांनी आपल्या मासे धरायच्या जाळ्याची शिशाचे मणी तोडून आणले. त्या जाळ्याला ते मला कधी हात लावू द्यायचे नाहीत. मी झोक्यावरून बघत होते, आणि मला दोघांचाही राग येत होता. चार चाकांना दोन दिवस लागले. जेवतानाही चाकच. "जावयबापू, उजवीकडं एक मनी जास्त झालाय बगा." एकदाही मला विचारलं नाही, सासर कसं आहे, तिथे जमतंय का.

निघताना आईने ओटी भरली. आबांनी मला जवळही घेतलं नाही. वाकून चारही चाकांवरची तार पुन्हा एकदा ओढून बघितली आणि म्हणाले, "सावकास जावा."

फाटा ओलांडला, डांबरी लागली. नवऱ्याने वेग घेतला. पन्नास, साठ, सत्तर. काही नाही. स्टिअरिंग गप्प, आरसा गप्प, माझ्या बांगड्या गप्प. एवढ्या मुकाट्याने माझं गाव मागे पडेल असं मला वाटलं नव्हतं. नवरा शीळ घालत होता. मी खिडकीकडे तोंड केलं.

जरा वेळाने शीळ थांबली. त्याने कान टवकारले, एक हात आमच्या मधल्या सीटवर ठेवला.

"अजून कुठंतरी थरथरतंय गं," तो म्हणाला.

मी पदराचा बोळा तोंडावर दाबला. त्याने जीप कडेला घेतली आणि भर पावसात उतरून एकेका चाकापाशी बसून मणी चाचपायला लागला. मी त्याला चारही चाकं बघू दिली.