‘व्हय की’ या उत्तराचा अर्थ

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी सव्वीस वर्षे कामगार विभागात काढली. हजेरी, रजा, समजपत्रे, अधूनमधून एखाद्या कामगाराची चौकशी, असे माझे काम. तिथल्या आवाजात माणसाला ओरडूनच बोलावे लागते. मी मात्र कधी ओरडलो नाही. माझ्या सौम्यपणाचे कौतुक होई आणि मलाही तो सद्गुण वाटे. त्याची परीक्षा व्हायला पन्नाशी उलटावी लागली.

काही वर्षांपूर्वी कंपनीने चौकशीच्या कामासाठी एक संगणक प्रणाली घेतली. एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांनी तीच घेतली होती. अपघात झाला, काही मोडले, कुणी जागा सोडून गेले, की कॅमेऱ्यांतली चित्रे आणि यंत्रांच्या नोंदी ती स्वतःच तपासायची, दोषी कोण असावा याचा अंदाज बांधायची आणि त्या कामगाराला फोन करून त्याचे म्हणणे विचारायची. फोनवरचा आवाज बाईचा होता. भाषा इतकी स्वच्छ, की कामगारांनी तिचे नाव ‘पुण्याची बाई’ ठेवले. कुणाचा फोन वाजला की शेजारचा म्हणायचा, ‘उचल की, पुण्याची बाई आठवण काढाय लागलीया.’ मिळालेले उत्तर ती प्रमाण मराठीत लिहून काढायची, शिक्षेची शिफारस करायची, आणि ते पान माझ्या पडद्यावर यायचे. खाली दोन बटणे असत : ‘सहमत’ आणि ‘असहमत’. कायद्याला माणसाची सही लागते, म्हणून तिथे मी होतो.

पहिल्या वर्षी मी प्रत्येक पान दोनदा वाचले. प्रणाली बहुतेक वेळा बरोबर असे, हे मान्य केले पाहिजे. त्यामुळेच माझे वाचणे हळूहळू कमी होत गेले.

आमच्या भट्टीवर एक मिस्त्री होते. वयाने माझ्याहून थोडे मोठे, मुसलमान, घरात तीन पिढ्या ओतकाम. वितळलेल्या लोखंडाचा नुसता रंग पाहून ते तापमान सांगत, आणि मग तरुण इंजिनीअर मोजून खात्री करून घेत. ‘मोजा, मोजा. तुमचं शिक्षण वाया जायला नको,’ असे ते म्हणत. त्यांचे सगळेच बोलणे असे आडवे. ‘जेवलात का’ असे विचारले तर ‘न्हाय, ताटाकडं बघून आलो’ असे उत्तर यायचे.

एका सकाळी भट्टी वेळेआधी कलली आणि धातू सांडला. जवळ उभ्या असलेल्या एका कामगाराचा पाय भाजला. समोर धातू झेलायचे पातेले नसताना भट्टी कलू नये म्हणून एक सेफ्टी स्विच असतो. तो बंद ठेवलेला आढळला. बंद कुणी केला, याची नोंद नव्हती. कॅमेऱ्यात मात्र त्या पाळीत पॅनेलपाशी एकच माणूस उभा दिसत होता, आणि ते मिस्त्री होते. त्यांचे म्हणणे असे की पाळीवर आले तेव्हा स्विच बंदच होता. तो का बंद आहे, हेच ते पॅनेलपाशी वाकून पाहत होते, आणि मेन्टेनन्सवाल्याला त्यांनी ते तोंडी सांगितलेही होते. पण हे म्हणणे त्यांनी मला कितीतरी नंतर सांगितले. त्याआधी त्यांना बाईचा फोन आला होता.

ते संभाषण मी इतक्या वेळा ऐकले आहे की मला पाठ आहे. बाईने विचारले, ‘भट्टीचा सुरक्षा स्विच आपण बंद केला होता का?’ मागे कुणाच्या तरी भांड्यांचा आवाज. मग मिस्त्री म्हणाले, ‘व्हय की. मीच केला. तीस वरसं भट्टी संभाळली ती ह्येच्यासाठीच की.’

माझ्या पडद्यावर आलेल्या पानावर लिहिले होते : ‘होय. मीच केला.’ पुढचे वाक्य ‘प्रश्नाशी असंबद्ध’ म्हणून गाळले होते. खाली : ‘दोषाची कबुली. खात्री : उच्च. शिफारस : बडतर्फी.’

माझा जन्म कोल्हापूरचा. लहानपणी परीक्षेत नापास होऊन घरी आलो की आई विचारायची, ‘पास झालास का?’ आणि मोठा भाऊ माझ्या वतीने सांगायचा, ‘व्हय की, पयला आलाय.’ तो सूर ओळखायला कोल्हापूरच्या माणसाला शिकावे लागत नाही. मी ध्वनिमुद्रण ऐकले आणि त्याच क्षणी मला कळले, की हा माणूस चिडला आहे, दुखावला गेला आहे, आणि तो ‘नाही’ म्हणतो आहे.

मी ‘असहमत’ दाबले. कारणांची यादी उघडली : तांत्रिक बिघाड, चुकीची व्यक्ती, अपुरा पुरावा, इतर. मी ‘इतर’ निवडले आणि लिहिले, ‘उत्तर उपरोधाने दिले आहे.’ प्रणालीने नम्रपणे सांगितले, की या विधानाच्या पुष्ट्यर्थ पुरावा जोडावा. मी त्या सूचनेकडे पाहत राहिलो. सूर कसा जोडायचा? मी स्वतः उठून भट्टीवर जाऊ शकलो असतो; अंतर दोनशे पावलांचे होते. मिस्त्रींना समोर बसवून विचारू शकलो असतो. परंतु भाजलेल्या कामगाराच्या प्रकरणाचा निकाल लवकर लावायला मालकांनी त्या आठवड्यात सांगितले होते. मालकांच्या वडिलांनी मला नोकरी दिली होती, आणि त्या घराला ‘थांबा’ म्हणायची मला सवय नव्हती. शिवाय, मी मनाशी म्हणालो, कबुली त्यांनी स्वतः दिली आहे. मी कोण बदलणार? मी माझे वाक्य पुसले आणि ‘सहमत’ दाबले. पत्र छापून आले. माझी सही नेहमीसारखीच सुबक आली होती.

मिस्त्रींनी ते पत्र माझ्यासमोर उभे राहून वाचले. ‘मी कवा म्हटलं असं?’ एवढेच त्यांनी विचारले. मी म्हणालो, की ध्वनिमुद्रण आहे. ते गेले. ज्याचा पाय भाजला होता त्याच्या घरचे मिस्त्रींच्याच गल्लीत राहत. त्यांनी मिस्त्रींच्या घराशी बोलणे टाकल्याचे पुढे मला कळले.

मला वाटले होते, असा कसबी माणूस कुठलाही कारखाना उचलून नेईल. तिसऱ्या महिन्यात ते मला कळंब्याच्या तलावाकाठी दिसले. मी तिकडेच राहतो. रोज सकाळी फिरायला जातो. रस्त्याच्या कडेला त्यांच्या भावाचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. तिथे ते चाकाच्या तारा आवळत बसले होते. मला वळून जाता आले असते. पण त्यांनीच हाक मारली.

‘या साहेब, बसा की. हवा भरायची हाय का?’

मी बसलो. त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या लेखी गमतीचे होते. चार कारखान्यांनी त्यांना आनंदाने बोलावले होते. चारही ठिकाणी गेटवर नाव नोंदवताच पडद्यावर लाल खूण आली : ‘सुरक्षाभंग, कबुली.’ प्रणाली सगळीकडे तीच होती. एका ठिकाणच्या मॅनेजरने तर हात जोडले; म्हणाला, तुम्ही मला हवे आहात हो, पण ही आत सोडत नाही. ‘पुण्याची बाई लई इमानी,’ मिस्त्री म्हणाले, ‘आपल्याला इसरत न्हाय.’ मग तारांकडे पाहत म्हणाले, की कामाचे एक वेळ राहू दे. गल्लीत लोक म्हणतात, ह्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले, ते मात्र सोसत नाही.

त्यांनी कामगार न्यायालयात दावा लावल्याचे मला तिथेच समजले. कंपनीतर्फे साक्षीदार मी होतो.

शाहूपुरीत कंपनीच्या वकिलांचे कार्यालय आहे. त्यांनी मला समजावले, की प्रश्न स्विचचा नाही, निर्णय कुणी घेतला याचा आहे. यंत्राने घेतला असे म्हटले तर हुकूम टिकणार नाही, कारण यंत्राला न्यायालयात उभे करता येत नाही. तेव्हा निर्णय माझा. प्रणाली केवळ मदतनीस. शपथपत्र तयारच होते : ‘सर्व पुरावा पाहून मी स्वतंत्रपणे विचार केला.’ मी त्यावरही सही केली. घरी परतताना मला जाणवले, की आता दोन्ही दारे बंद झाली आहेत. मी विचार केला नाही म्हणावे तर शपथपत्र खोटे. मी विचार केला म्हणावे, तर जे मला कळले होते ते माहीत असूनही मी सही केली. आणि खरे तेच होते.

तारीख लागेपर्यंत पाच महिने गेले. या काळात मी रोज कामावर जात होतो आणि रोज पाने येत होती. ‘सहमत’ दाबताना बोट थांबे. ‘असहमत’ दाबायचे धाडस तरीही होत नसे. तलावाकडचा रस्ता मी सोडला. पत्नीने विचारले तेव्हा गुडघा दुखतो असे सांगितले. तिने गुडघ्याला तेल आणून दिले, आणि मी ते रोज लावत राहिलो.

न्यायाधीश मॅडम नागपूरकडच्या होत्या, जिल्ह्यात नव्या. मिस्त्रींच्या वकील तरुण होत्या. त्यांनी कंपनीकडून प्रणालीची संपूर्ण नोंद मागवून घेतली होती. उलटतपासात त्यांनी आवाज जराही चढवला नाही. कागद पुढे करून म्हणाल्या, की हे पान तुमच्या पडद्यावर अकरा मिनिटे उघडे होते. आधी ‘असहमत’, मग ‘इतर’, मग काही मजकूर, मग तो पुसलेला. तुम्ही काय लिहिले होते?

ज्या यंत्राला माणसाचा सूर कळला नव्हता, त्याने माझी चलबिचल मिनिटासकट जपून ठेवली होती. कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली. मॅडमनी ती नोंदवली आणि आधी ध्वनिमुद्रण ऐकवायला सांगितले. न्यायालयात तो आवाज घुमला : ‘व्हय की. मीच केला...’ मागच्या बाकावर कुणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. मॅडमनी त्या हसण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

‘तुम्ही इथलेच ना?’ त्यांनी विचारले. ‘मला ही बोली नीट कळत नाही. या “व्हय की”चा अर्थ काय होतो?’

मिस्त्री समोर बसले होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते. टोपी मांडीवर ठेवून तिची कडा बोटांनी सरळ करत होते. मी उत्तर द्यायला किती वेळ घेतला, याची नोंद या वेळी कुणी ठेवली नसावी.

‘मॅडम, इथे त्याचा अर्थ “नाही” असा होतो,’ मी म्हणालो. ‘मला तेव्हाही तो कळला होता. मी तसे लिहिले होते, आणि पुसले.’

लघुलेखकाने मान वर केली. मॅडमनी ते वाक्य त्याला संथपणे सांगून लिहून घेतले. कंपनीच्या वकिलांनी मला एकच प्रश्न विचारला : मग शपथपत्र खोटे आहे का? मी होय म्हणालो.

बाहेर जिन्यापाशी मिस्त्री थांबले होते. मी हात जोडले. त्यांनी माझे हात पाहिले, पण धरले नाहीत. ‘साहेब, एवढंच तवा लिवायचं व्हतं की,’ असे म्हणून ते वकिलीणबाईंच्या मागे जिना उतरून गेले.

माझ्या साक्षीने त्यांची सुटका झाली, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. न्यायालयाने चौकशी अन्याय्य ठरवली. परंतु कायद्याप्रमाणे कंपनीला आरोप नव्याने, न्यायालयासमोर, सिद्ध करण्याची संधी असते, आणि कंपनीने ती मागितली आहे. तारखा पडत आहेत. लाल खुणेबद्दल विचारले तर प्रणालीवाले लेखी कळवतात, की अंतिम निकालाखेरीज नोंद बदलता येत नाही. ज्याचा पाय भाजला होता, तो मात्र एक दिवस सायकलच्या दुकानात मिस्त्रींजवळ येऊन बसला आणि चहा पिऊन गेला. माझ्या साक्षीची नक्कल कुणीतरी गल्लीत वाचून दाखवली होती.

मला कंपनीने चौकशी होईपर्यंत घरी बसवले आहे. गेल्या महिन्यात माझा फोन वाजला. ‘नमस्कार,’ तो स्वच्छ आवाज म्हणाला, ‘आपण न्यायालयात असत्य शपथपत्र सादर केले होते का?’ मी होय म्हणालो. आणखी काही सांगायचे आहे का, असे तिने विचारले. मी पुष्कळ सांगितले : दोनशे पावले, अकरा मिनिटे, माझ्या मोठ्या भावाचा तो सूर. ती मध्ये एकदाही बोलली नाही. पान कसे तयार झाले असेल ते मला ठाऊक आहे. ‘होय’ एवढाच शब्द उरला असेल. माझ्या खुर्चीत आता बसतो त्याला ते काम मीच शिकवले. वाचत वेळ घालवू नकोस, असेही मीच सांगितले होते.

हे मी मिस्त्रींना सांगितले. तलावाकडचा रस्ता मी पुन्हा धरला आहे. ते एक चाक उलटे धरून फिरवत होते आणि ते कुठे डगमगते हे डोळे बारीक करून पाहत होते, जसा पूर्वी धातूचा रंग पाहत.

‘मग काय म्हणालासा बाईला?’

‘होय म्हणालो.’

त्यांनी चाक थांबवले. ‘नुसतं व्हय, का व्हय की?’

‘नुसतं.’

‘मग खरं बोललासा. ऱ्हाऊ द्या,’ ते म्हणाले, आणि पायाने स्टूल माझ्याकडे सरकवले. पुढच्या तारखेला साक्षीसाठी मला पुन्हा बोलावले आहे. किती वाजता निघायचे, ते आम्ही ठरवले.