दसऱ्याच्या पूजेतला लॅपटॉप

आष्टीच्या बाजारात स्कूटी न्यायचा मला धीर होत नाही, पण लॅपटॉपवर मी अठरा चाकांचा ट्रक घाटातून उतरवते. पोरानं नवा घेतला, त्याचा जुना गेमिंग लॅपटॉप घरी राहिला, आणि पन्नाशीच्या बाईला हे व्यसन लागलं. गेल्या वर्षी मात्र ट्रक अडखळायचा आणि लॅपटॉप तापून बंदच पडायचा. दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा आमच्या ह्यांनी निकाल दिला, "भंगारवाला आला की देऊन टाक. ह्या वयात काय गाड्या खेळून राह्यली?"

मी पोराला विचारून जास्त ताकदीचा प्रोसेसर मागवला. आताच्या लॅपटॉपात तो बोर्डाला सोल्डरनं डाग देऊन पक्का केलेला असतो. आमचा लॅपटॉप जुना, म्हणून त्यातला निघतो. म्हातारपणाचा तेवढा एक फायदा.

आधी बॅटरी काढली. मसाल्याचा डबा रिकामा करून त्याच्या वाट्यांत स्क्रू ठेवले. हे शेजारी बसले, मदतीला नव्हे. पोरगा फोनवरून सांगायला.

तळ उघडला तर पंखा लालभडक. दरवर्षी दसऱ्याला विळा, शिलाई मशीन, ट्रॅक्टरची किल्ली यांच्या रांगेत लॅपटॉप मांडून मी पंख्याच्या जाळीवर सढळ हातानं हळदीकुंकू वाहिलं होतं. अक्षता पात्यांत अडकलेल्या.

"तूच गुदमरवलं त्याला," हे म्हणाले. "पंखा झाड, झाकण लाव. प्रोसेसर कशाला पाह्यजे मंग?"

बोलणं बराबर होतं, म्हणून जास्त झोंबलं. पंखा झाडला. झाकण लावलं नाही. "आणलाय तर बसवणार."

"प्रोसेसरच्या पिना वाकल्या तर भंगारच."

"तर माझ्या हातानं देईन."

अडकवणीचा स्क्रू फिरवून जुना प्रोसेसर अलगद उचलला, नवा कोपऱ्याची खूण जुळवून ठेवला. न दाबता बसला.

"वर ती थंड ठेवायची पेस्ट किती लावू रे? मुगाएवढी का तुरीएवढी?"

"तूर, आई."

सगळं आवळून बटण दाबलं. पडदा काळाच. ह्यांनी गल्लीत डोकावून पाहिलं. "कोपऱ्यावरच आहे भंगारवाला." मी जागची हलले नाही. लॅपटॉप बंद पडला, नवा प्रोसेसर ओळखून आपणहून पुन्हा सुरू झाला, आणि पडदा उजळला.

संध्याकाळी ट्रक घाट चढला, न अडखळता. हे मागं उभे. "हॉर्न कुठंय याचा?"

मी दाखवला नाही.

यंदाच्या दसऱ्यालाही लॅपटॉप विळ्याशेजारीच मांडला. "पुन्हा?" हे म्हणाले. पूजा होणारच. फक्त कुंकू बोटानं, झाकणावर. आणि शेजारी जुना प्रोसेसर, झेंडूच्या पाकळ्यांवर.